काम फत्ते झालं असं धरून चाला: रोबोटची वाट आणि संभाव्यतेचं गणित

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे: रोबोटची ट्रॅजेक्टरी (जायची वाट) आणि कंट्रोल (मोटरला द्यायच्या आज्ञा) हे प्रश्न संभाव्यतेच्या अनुमानाने कसे सोडवतात, आणि ते करताना गाडी अडते कुठे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. लांबलेली पत्रं थोडक्यात दिली आहेत.

"कंट्रोल म्हणजेच इन्फरन्स, असं सेमिनारमध्ये ऐकलं. इन्फरन्स म्हणजे हाती असलेल्या आकड्यांवरून अज्ञात गोष्टीचा अंदाज. पण मोटरला किती व्होल्ट द्यायचे ते तर आपणच ठरवतो. मग अंदाज करायचा कशाचा?" (इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी, सांगली)

तुमच्याच निर्णयाचा. युक्ती अशी की, काम अजून व्हायचं आहे, पण 'काम फत्ते झालं' ही बातमी आधीच हाती आली आहे असं धरायचं. मग विचारायचं: ही बातमी खरी असेल तर मोटरला कोणत्या आज्ञा दिल्या गेल्या असतील? उलट्या दिशेचा हा प्रश्न म्हणजे बेजचा नियम. एखाद्या वाटेची कॉस्ट (तिच्यासाठी मोजावी लागणारी किंमत) जितकी जास्त, तितकी त्या वाटेवरून ही बातमी येण्याची शक्यता कमी. नेमकं सांगायचं तर ती शक्यता 'ई'च्या उणे (कॉस्ट भागिले लॅम्डा) या घाताइतकी धरतात. लॅम्डाला तापमान म्हणतात, त्याच्याकडे पुढे येऊ.

वहीत करून पाहण्याजोगं उदाहरण घ्या. रुळावरची ट्रॉली ० वर उभी आहे, तिला १० वर न्यायचं आहे. जेवढी आज्ञा द्याल तेवढी ती सरकते. जोर लावण्याची कॉस्ट आज्ञेच्या वर्गाच्या निम्मी, आणि शेवटी १० पासून जी चूक उरेल तिच्या वर्गाच्या दुप्पट ही दुसरी कॉस्ट. नेहमीच्या पद्धतीने बेरीज किमान करा: आज्ञा = ४ × (१० − आज्ञा), म्हणून आज्ञा ८.

आता तेच अनुमानाने, लॅम्डा १ धरून. जोराची कॉस्ट म्हणजे आधीचा अंदाज: आज्ञा शून्याभोवती, व्हेरियन्स (पसाऱ्याचं माप) १. उरलेल्या चुकीची कॉस्ट म्हणजे एक मोजमाप: 'ट्रॉली १० वर दिसली', व्हेरियन्स ०.२५. दोन्ही मिळवा: १० × १ ÷ (१ + ०.२५) = ८. उत्तर तेच. सोबत आणखी एक आकडा मिळतो, नंतरचा व्हेरियन्स: १ ÷ (१ + ४) = ०.२.

खरी गंमत दोन पावलांत आहे. ट्रॉलीला दोन आज्ञा द्यायच्या आहेत, दोन्हींचा आधीचा अंदाज तोच. बेरजेचा व्हेरियन्स २, म्हणून ट्रॉली १० × २ ÷ २.२५ = ८.८९ पर्यंत जाते आणि प्रत्येक आज्ञा ४.४४ येते. बातमीआधी या दोन आज्ञांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. बातमीनंतर मात्र त्या बांधल्या जातात: प्रत्येकीचा व्हेरियन्स ०.५५६ आणि दोघींचा सहव्हेरियन्स (एकीबरोबर दुसरी किती बदलते त्याचं माप) उणे ०.४४४. सहव्हेरियन्सला व्हेरियन्सने भागा, उणे ०.८. म्हणजे पहिल्या पावलात चाक घसरून ट्रॉली १ ने कमी सरकली, तर दुसरी आज्ञा ०.८ ने वाढली पाहिजे. एलक्यूआरमध्ये (रेषीय मॉडेल आणि वर्गी कॉस्टची नेहमीची कंट्रोल पद्धत) शेवटच्या पावलाचा फीडबॅक गेन, म्हणजे चुकीच्या किती पट सावरायचं तो आकडा, काढून पाहा: ४ ÷ (१ + ४) = ०.८.

हे पहिल्यांदा पाहताना बरेच जण सरासरी उचलतात आणि बाकीचं टाकून देतात. पण सरासरीत फक्त 'कुठून जायचं' आहे. 'चुकलो तर किती सावरायचं' हे त्या सहव्हेरियन्समध्ये आहे. अनुमानाचं उत्तर ही एक रेघ नसते. ते वाटांचं अख्खं वाटप असतं, आणि फीडबॅक त्यातच दडलेला असतो.

लॅम्डाचं काम आकड्यांत पाहू. दोन वाटा, कॉस्ट २ आणि ४. लॅम्डा १ असेल तर वजनं ०.८८ आणि ०.१२. लॅम्डा १० केला तर ०.५५ आणि ०.४५, म्हणजे निवड जवळजवळ छापा-काट्यावर. लॅम्डा ०.१ केला तर दुसऱ्या वाटेला अब्जांश वजन उरतं. तापमान जास्त तर वाटप पसरट, कमी तर एकाच वाटेवर एकवटलेलं. अर्थात हे सगळं कॉस्टच्या मापावर अवलंबून आहे. सगळ्या कॉस्ट दहापट केल्या आणि लॅम्डा तसाच ठेवला, तर तुम्ही नकळत तापमान दहा पटींनी उतरवलेलं असतं.

"आम्ही एलक्यूआर हाताने सोडवायचो. वरचं उत्तर जर तेच येणार असेल तर यात नवीन काय? नाव बदललं एवढंच ना?" (निवृत्त अभियंता, पुणे)

मॉडेल रेषीय, कॉस्ट वर्गाची आणि नॉइज (यादृच्छिक धक्के) गाऊसचा, म्हणजे घंटेच्या आकाराच्या वाटपाचा, असेल तर खरोखर नवीन काही नाही. एलक्यूआरचे गेन ज्यातून निघतात ते रिकाटीचं समीकरण म्हणजे काळात मागे जाणारा कालमन फिल्टर (नॉइज असलेल्या मोजमापांवरून स्थितीचा अंदाज काढण्याची पद्धत). रुडॉल्फ कालमन यांनी फिल्टरचा आणि वर्गी कॉस्टच्या इष्टतम कंट्रोलचा असे दोन्ही निबंध १९६० सालीच प्रसिद्ध केले, आणि दोन्ही प्रश्न एकमेकांचे आरसे आहेत हे तेव्हापासून माहीत आहे.

नवीन ते या चौकटीबाहेर. मॉडेल वाकडंतिकडं झालं, कॉस्टमध्ये खांब आणि भिंती आल्या, की रिकाटी थेट चालत नाही. अनुमानाच्या बाजूला मात्र अशा अवघड वाटपांसाठी हत्यारं तयार होती: सॅम्पलिंग (यादृच्छिक नमुने काढून अंदाज), फॅक्टर ग्राफ (अज्ञातं आणि त्यांना जोडणाऱ्या अटींचं जाळं) आणि संदेशवहन (त्या जाळ्यात शेजाऱ्यांनी एकमेकांना अंदाज कळवणं). बर्ट कापेन यांनी २००५ मध्ये विशिष्ट प्रकारचा स्टोकॅस्टिक (नॉइज धरून केलेला) कंट्रोल सॅम्पलिंगने सोडवता येतो हे मांडलं, मार्क टूसँ यांनी २००९ मध्ये रोबोटची ट्रॅजेक्टरी संदेशवहनाने काढली, आणि २०१६ मध्ये जॉर्जिया टेकच्या गटाने एक-पंचमांश मापाची गाडी मातीच्या ट्रॅकवर घसरवत पळवली ती 'एमपीपीआय' (मॉडेल प्रेडिक्टिव्ह पाथ इंटिग्रल) या सॅम्पलिंगच्या पद्धतीने. एक अट मात्र तुमच्यासारख्यांच्या लगेच लक्षात येईल: कापेन यांच्या मांडणीत नॉइज आणि कंट्रोल एकाच दाराने आत यावे लागतात, आणि ज्या दिशेला नॉइज जास्त त्या दिशेला जोर लावणं तितकं स्वस्त धरावं लागतं. जोराच्या कॉस्टचा आकडा मनाला येईल तसा ठेवता येत नाही.

"दोन चाकांचा डिफरन्शियल रोबोट आहे. आरओएस-टू ही रोबोटची सॉफ्टवेअर प्रणाली, तिच्यातल्या नॅव्ह-टू या वाट काढणाऱ्या पॅकेजचा एमपीपीआय कंट्रोलर, कमाल वेग ०.५ मीटर प्रति सेकंद, २० हर्ट्झ. मोकळ्या जागेतही रोबोट थरथरत चालतो. खांब सरळ समोर आला की थबकतो, एकदा तर जाऊन धडकला. सॅम्पल १००० वरून ४००० केले; लॅपटॉप तापला, फरक शून्य." (डिप्लोमा प्रोजेक्टचा गट, नाशिक)

तुमच्याकडे तीन वेगळे आजार एकत्र आहेत. आधी पद्धत काय करते ते सांगतो, म्हणजे आजार कुठला ते कळेल.

दर फेरीला: मागच्या फेरीची आज्ञांची माळ एक पाऊल पुढे सरकवायची, तिच्यावर नॉइज टाकून हजारभर माळा करायच्या, प्रत्येक माळ मॉडेलमधून पळवून कॉस्ट काढायची, सगळ्या कॉस्टमधून सगळ्यात लहान कॉस्ट वजा करायची, मग 'ई'च्या घाताने वजनं काढून माळांची वजनदार सरासरी घ्यायची आणि पहिली आज्ञा मोटरला द्यायची. ती वजाबाकी विसरू नका. कॉस्ट १००० च्या घरात असेल तर 'ई'चा उणे १००० घात डबल प्रिसिजनमध्येही शून्य होतो, बेरीज शून्य, भागाकारात कचरा. तयार पॅकेजमध्ये हे केलेलं असतं. स्वतः लिहिलेल्या कोडमध्ये हीच चूक आम्हाला सगळ्यात जास्त दिसते.

थरथर. वजनांची बेरीज करा, तिचा वर्ग करा आणि त्याला वजनांच्या वर्गांच्या बेरजेने भागा. येतो तो आकडा म्हणजे खरोखर उपयोगी पडलेली सॅम्पल. हजारातून हा आकडा २-३ येत असेल, तर तुम्ही सरासरी घेतच नाही. दर फेरीला एका नशीबवान सॅम्पलचा नॉइज जसाच्या तसा मोटरला जातो. वळण्याच्या वेगाचं प्रमाण विचलन ०.४ असेल आणि उपयोगी सॅम्पल ४ असतील, तर आज्ञेत सुमारे ०.२ रेडियन प्रति सेकंद इतकी थरथर उरते. उपयोगी सॅम्पल १०० असतील तर ०.०४. सॅम्पल चौपट करून फरक पडला नाही, कारण तापमान इतकं कमी आहे की ४००० मध्येही पहिला येणारा सगळं घेऊन जातो. लॅम्डा वाढवा. आमचा ठोकताळा: उपयोगी सॅम्पल एकूण सॅम्पलच्या २ ते १० टक्के असावीत. तुमच्या पत्रातल्या यादीनुसार अडथळ्याच्या कॉस्टचं वजन तुम्ही मूळच्या कितीतरी पट केलं आहे आणि तापमान ०.३ वरच ठेवलं आहे. थरथरीचं मूळ बहुधा तिथेच.

खांबासमोर थबकणं. इथे साधी बेरीज कोणी करत नाही, म्हणून करून दाखवतो. तुमच्या सेटिंगमध्ये ५६ पावलं, प्रत्येक ०.०५ सेकंदाचं, म्हणजे २.८ सेकंद. दर पावलाला नवा, स्वतंत्र नॉइज. एका पावलात दिशा ०.४ × ०.०५ = ०.०२ रेडियनने बदलते. पण एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं होत ते आपापसात खोडलं जातं, म्हणून शेवटी पसारा फक्त ०.०२ × √५६ = ०.१५ रेडियन, सुमारे ९ अंश. तुमची हजार सॅम्पल म्हणजे एक अरुंद झाडू आहे. खांबाला वळसा घालणारी वाट त्यात बहुधा नसतेच. प्रत्येक सॅम्पल खांबावर आदळणारं, मग सगळ्यात स्वस्त काय? उभं राहणं. स्वतःचं कोड असेल तर एकच नॉइज सलग ७ पावलं धरून ठेवा: ८ गट, प्रत्येकी ०.१४ रेडियन, शेवटी ०.१४ × √८ = ०.४ रेडियन, म्हणजे जवळपास २३ अंश. सॅम्पल तेवढीच, झाडू अडीच पट रुंद. तयार पॅकेजच वापरायचं असेल तर वळण्याच्या वेगाचं विचलन वाढवा, आणि मग तापमान पुन्हा तपासा, कारण पसारा वाढला की कॉस्टमधले फरकही वाढतात.

धडक. खांब बरोब्बर मध्ये असेल तर डावीकडून जाणाऱ्या आणि उजवीकडून जाणाऱ्या वाटा सारख्याच चांगल्या. त्यांची सरासरी? सरळ खांबात. वाटपाला दोन उंचवटे आहेत आणि तुम्ही त्यांना एका गाऊसच्या टोपीखाली कोंबत आहात. एरवी मागच्या फेरीची माळ थोडी एका बाजूला झुकलेली असते आणि पेच आपोआप सुटतो, पण तापमान जास्त असेल तर तो रेंगाळतो. सोपा इलाज: खांबाच्या डाव्या आणि उजव्या बाजूच्या सॅम्पलची वजनं वेगवेगळी बेरजून जड बाजूचीच सरासरी घ्यायची, आणि बाजू बदलायला थोडा दंड ठेवायचा, नाहीतर रोबोट खांबासमोर डावं-उजवं करत बसेल.

आणखी दोन गोष्टी तपासा. मॉडेलचं पाऊल आणि कंट्रोलरची फेरी यांचा काळ सारखा हवा (२० हर्ट्झला ०.०५ सेकंद), नाहीतर माळ एक पाऊल सरकवणं चुकतं. दुसरं, २.८ सेकंदांत ०.५ च्या वेगाने रोबोट १.४ मीटर पुढे पाहतो. ३ मीटर बाजूच्या लोकल कॉस्टमॅपच्या (रोबोटभोवतीच्या अडथळ्यांच्या नकाशाच्या) मध्यापासून कड १.५ मीटरवर, म्हणजे जेमतेम बसतं. उद्या वेग वाढवून १ केलात तर सॅम्पल नकाशाबाहेर जातील आणि तुम्ही पुन्हा लॅम्डाला दोष द्याल.

"सिम्युलेशनमध्ये माझा प्लॅनर हमखास जोखमीचा जवळचा रस्ता निवडतो. सरासरी कॉस्ट काढली तर लांबचा रस्ता स्वस्त आहे. कोड तीनदा तपासलं." (संशोधक विद्यार्थी, मुंबई)

कोड बरोबर असेल. चूक बातमीवर विश्वास ठेवण्यात आहे.

लांबच्या रस्त्याची कॉस्ट नेहमी ३ धरा. जवळच्या रस्त्यावर एक दार: अर्ध्या वेळा उघडं (कॉस्ट ०), अर्ध्या वेळा बंद (कॉस्ट १०), सरासरी ५. लॅम्डा १. 'फत्ते'ची शक्यता लांबच्या रस्त्याला ०.०५ आणि जवळच्या रस्त्याला ०.५०. बेजच्या नियमाने जवळच्या रस्त्याला ९१ टक्के वजन. का, ते दाराकडे पाहिल्यावर कळतं: फत्ते झालं आणि जवळून गेलो, असं धरलं तर दार उघडं असण्याची शक्यता ०.९९९९५ निघते. म्हणजे अनुमानाने तुमचा निर्णय तर बदललाच, पण दाराचं नशीबही बदलून टाकलं. लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहून 'तिकीट घेणं शहाणपणाचं' म्हणावं, तसं.

उपाय असा की, नंतरचं वाटप शोधताना जगाचे नियम, म्हणजे दार उघडं असण्याची अर्धी शक्यता, आहेत तसेच गोठवायचे आणि फक्त धोरण, म्हणजे कुठला रस्ता घ्यायचा ते, बदलू द्यायचं. याला संरचित व्हेरिएशनल अनुमान म्हणतात. मग तुलना सरासरी कॉस्टची होते, ३ विरुद्ध ५, आणि लांबच्या रस्त्याला ८८ टक्के वजन मिळतं. लॅम्डा वाढवूनही उत्तर सुधारतं (लॅम्डा १० ला जवळच्या रस्त्याची आभासी कॉस्ट ०.६९ वरून ३.८० होते), पण त्याबरोबर सगळे निर्णय सैल होतात, म्हणून ती पळवाट आम्ही सुचवणार नाही. वरच्या नाशिकच्या गटाला हा त्रास नाही: त्यांच्या सॅम्पलमध्ये नॉइज फक्त आज्ञांवर आहे, मॉडेल ठाम आहे. मॉडेलमध्येही यादृच्छिक धक्के घालून सगळी सॅम्पल एकाच घातांकी सरासरीत टाकली, की तेही नशिबावर भिस्त ठेवू लागतील.

"सहा सांध्यांच्या हातासाठी फॅक्टर ग्राफने वाट काढतो. वाट सुरेख गुळगुळीत येते, पण हात मधल्या सळईतून आरपार जातो. अडथळ्याचा सिग्मा (त्या अटीला किती सूट द्यायची तो आकडा) ०.०००१ केला तर सॉल्व्हर हलतच नाही." (ऑटोमेशन अभियंता, चाकण)

तुमच्या ग्राफमध्ये ११ स्थिती आहेत, म्हणजे १० टप्पे. हाताचं टोक २ मीटर फिरतं, म्हणजे दोन स्थितींत २० सेंटिमीटर. सळईची त्रिज्या १, हातावरच्या तपासणी-गोलाची ३ आणि सुरक्षित अंतर २ सेंटिमीटर: अडथळ्याची जाणीव सळईच्या दोन्ही बाजूंना मिळून १२ सेंटिमीटरच. ती अख्खी दोन स्थितींच्या मध्ये मावते, म्हणून ग्राफला सळई दिसलीच नाही. स्थिती वाढवू नका. गाऊसियन प्रोसेसचा (वाट गुळगुळीत असेल असं धरणारा) आधीचा अंदाज वापरत असाल, तर मधल्या कुठल्याही क्षणाची जागा फक्त शेजारच्या दोन स्थितींवरून निघते. प्रत्येक टप्प्यात असे ४ मधले बिंदू घालून तिथे अडथळ्याचे फॅक्टर लावा. अंतर ४ सेंटिमीटरवर येतं आणि अज्ञातं १३२ च राहतात (११ स्थिती, सहा सांध्यांची जागा आणि वेग).

सिग्मा ०.०००१ म्हणजे वजन (१ ÷ सिग्माचा वर्ग) दहा कोटी. गुळगुळीतपणाचे फॅक्टर त्यापुढे नगण्य होतात, मॅट्रिक्सची अवस्था बिघडते आणि लेव्हनबर्ग-मार्क्वार्ट हा सॉल्व्हर इतकी बारीक पावलं टाकतो की हलत नाही असं वाटतं. ०.०५ ने सुरू करा, वाट निघाली की तीच पुढच्या फेरीला द्या, मग ०.०२, मग ०.००५. सुरुवातीची सरळ रेघ टेबलाच्या पोटातून जात असेल तर काही गोल वर ढकलले जातात, काही खाली, आणि वाट मध्येच अडकते. अशा वेळी कोपर वर आणि कोपर खाली अशा दोन-तीन सुरुवाती करून पाहणं स्वस्त पडतं. अडथळ्याचा सिग्मा हा नुसता स्क्रू आहे, धडकेची खरी शक्यता नव्हे. शेवटची वाट वेगळ्या, काटेकोर धडक-तपासणीतून गेल्याशिवाय हाताला देऊ नका.

"एमपीपीआय आर्डुइनो उनोवर चालेल का?" (अकरावीचा विद्यार्थी, रत्नागिरी)

नाही. १००० सॅम्पल × ५० पावलं × सेकंदाला २० फेऱ्या = सेकंदाला १० लाख वेळा मॉडेल चालवायचं. उनो या छोट्या बोर्डाचं (आर-थ्री) घड्याळ १६ मेगाहर्ट्झ, म्हणजे एका वेळेला १६ ठोके. एका दशांश गुणाकारालाच त्याहून जास्त लागतात. आणि नुसता एका मोटरचा नॉइज साठवायला २०० किलोबाइट हवेत, उनोकडे रॅम २ किलोबाइट. पण लॅपटॉपवर एलक्यूआरचे गेन काढून ते उनोत लिहून टाकलेत, तर तोल सांभाळणाऱ्या दुचाकी रोबोटला दर फेरीला चार गुणाकार आणि तीन बेरजा पुरतात. तिथून सुरुवात करा.